हाक मारण्यापूर्वीची तयारी : कतारमधील मराठी घरे, व्हॉइस असिस्टंट आणि आपत्कालीन माहिती

२३ जून २०२५ रोजी दुपारी दोह्यातील अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना, जेथे असाल तेथेच आसरा घेऊन थांबा, असा सल्ला दिला. पाठोपाठ ब्रिटननेही तशीच सूचना काढली. अशा सूचनांचा अर्थ विशिष्ट धोका आहे असाच होतो असे नाही, असा खुलासा कतारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी केला. संध्याकाळी देशाची हवाई हद्द बंद झाली आणि त्यानंतर थोड्याच वेळात इराणची क्षेपणास्त्रे अल उदेद हवाई तळाच्या दिशेने आली. ती आकाशात अडवली जात असताना दोह्यातील कित्येकांनी घराच्या खिडकीतून पाहिली. जीवितहानी झाली नाही. भारतीय दूतावासाने भारतीयांना घरातच थांबण्याचे, शांत राहण्याचे आणि कतारी यंत्रणांच्या सूचना पाळण्याचे आवाहन केले. मध्यरात्रीनंतर हवाई हद्द पुन्हा खुली झाली.

या काही तासांत ‘दोह्यात धोका आहे का?’ या एकाच प्रश्नाची किमान चार वेगवेगळी उत्तरे आपापल्या वेळी बरोबर होती. दुपारी चारचे उत्तर रात्री आठ वाजता घातक ठरले असते आणि रात्री आठचे उत्तर पहाटे निरर्थक. फोनमधल्या व्हॉइस असिस्टंटला विचारलेल्या प्रश्नाची मुख्य अडचण येथेच आहे. तो ठाम, सौम्य आणि स्पष्ट स्वरात उत्तर देतो. मात्र ते उत्तर किती वाजताच्या माहितीवर आधारलेले आहे, हे बहुधा सांगत नाही.

म्हणून हे साधन टाकाऊ ठरत नाही. संकटाच्या आधी ते अतिशय उपयोगी आहे. संकटाच्या क्षणी मात्र त्याच्याकडून एखाद-दुसरेच काम करून घ्यावे, आणि तेही आधी तपासून ठेवलेले. कतारमध्ये आठ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांतील मराठी कुटुंबांनी, विशेषतः ज्यांचे आईवडील भेटीच्या व्हिसावर येऊन दिवसभर घरी एकटे असतात अशांनी, ही विभागणी कशी करावी याची माहिती पुढे दिली आहे.

कतारमध्ये तयारी कशाची?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या मनात आपत्ती म्हणजे पूर, दरड किंवा भूकंप. कतारची यादी वेगळी आहे. पहिला क्रमांक उन्हाचा. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास २०२१ पासून बंदी आहे, यावरून त्याची तीव्रता कळते. दुसरे संकट धुळीच्या वादळांचे, म्हणजे ‘शमाल’ वाऱ्याचे. दम्याच्या रुग्णांसाठी ते विशेष त्रासदायक. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की शहर अडकते. २० ऑक्टोबर २०१८ रोजी दोह्याच्या काही भागांत जवळपास वर्षभराच्या सरासरीइतका पाऊस एका दिवसात कोसळला आणि भुयारी रस्ते पाण्याखाली गेले.

आग आणि गॅसचा स्फोट ही शहरी संकटे येथेही घडली आहेत. २८ मे २०१२ रोजी व्हिलाजिओ मॉलला लागलेल्या आगीत १३ बालकांसह १९ जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका उपाहारगृहाजवळ गॅसच्या टाकीचा स्फोट झाला. मृतांत भारतीयही होते. मार्च २०२३ मध्ये अल मन्सूरा भागातील एक इमारत कोसळली आणि त्यातही भारतीयांचे प्राण गेले. या जोडीला आता २०२५ चा अनुभव आहे. जूनमधील क्षेपणास्त्रांनंतर ९ सप्टेंबरला इस्राएलने थेट दोहा शहरात हवाई हल्ला केला.

या सर्व प्रसंगांत सामान्य कुटुंबाला तीनच गोष्टी लागतात : मदत बोलावता येणे, आपण कोठे आहोत हे सांगता येणे आणि खरी सूचना वेळेवर कळणे. व्हॉइस असिस्टंटची परीक्षा याच तीन कसोट्यांवर करावी.

हे साधन ऐकते कसे?

‘हे गूगल’, ‘सिरी’ किंवा ‘ॲलेक्सा’ हा शब्द उपकरण स्वतः ओळखते. त्यानंतरचे बहुतेक काम दूरच्या सर्व्हरवर होते. आपला आवाज मजकुरात बदलतो, त्याचा अर्थ लावला जातो, माहिती शोधली वा रचली जाते आणि उत्तर पुन्हा आवाजात परत येते. गजर लावणे किंवा फोन जोडणे अशी मोजकी कामे काही फोन इंटरनेटशिवाय करू शकतात. बाकीच्यांना जोडणी लागते. घरातल्या स्पीकरला तर वीज आणि वाय-फाय दोन्ही लागतात. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी दुकानांत जाऊन बॅटरीवर चालणारे रेडिओ विकत घेतले. स्मार्ट स्पीकर त्या दिवशी शोभेच्या वस्तू होत्या.

भाषेचा प्रश्न मराठी वाचकांसाठी महत्त्वाचा. गूगल असिस्टंट ऑगस्ट २०१८ पासून मराठी समजतो. जेमिनी हे ॲप जून २०२४ मध्ये भारतात आले तेव्हा त्याने स्वीकारलेल्या नऊ भारतीय भाषांत मराठी होती. सिरीशी संपूर्ण मराठीत बोलता येत नाही. आयओएस १८ पासून भारतीय इंग्रजीत मराठी शब्द मिसळून बोलण्याची सोय मात्र झाली. ॲलेक्सा भारतात इंग्रजी आणि हिंदी, तर आखातात अरबी बोलते. कोणते उपकरण घरात आहे आणि ते कोणाशी, कोणत्या भाषेत बोलते, हे आधी पाहावे. प्रमाण मराठी समजणारे यंत्र घाबरलेल्या आजीची मालवणी किंवा वऱ्हाडी समजेलच, असे धरून चालू नये. भीतीने माणसाचा उच्चार बदलतो, श्वास तुटतो आणि वाक्य अर्धे राहते.

अभ्यास काय सांगतात?

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून जीवदान देण्याच्या क्रियेविषयी, म्हणजे सीपीआरविषयी, संशोधकांनी वेगवेगळ्या व्हॉइस असिस्टंटना प्रश्न विचारले. मिळालेल्या ३२ उत्तरांपैकी जवळपास निम्म्या उत्तरांचा सीपीआरशी संबंधच नव्हता. आपत्कालीन सेवेला फोन करा, असे केवळ ९ उत्तरांत सुचवलेले होते. प्रत्यक्ष कृती तोंडी सांगणारी उत्तरे ४ होती. सीपीआरमध्ये प्रत्येक मिनिट मोलाचे असते आणि ‘मला नीट समजले नाही’ हे उत्तर ऐकण्यात त्यातलाच वेळ जातो.

तंत्रज्ञान तेव्हापासून पुढे गेले, हे खरे. परंतु बातम्यांच्या बाबतीत नव्या साधनांचीही परीक्षा झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी १८ देशांतील २२ सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या मदतीने, १४ भाषांत केलेली पाहणी जाहीर केली. चॅटजीपीटी, कोपायलट, जेमिनी आणि पर्प्लेक्सिटी यांनी बातम्यांवरील प्रश्नांना दिलेल्या उत्तरांपैकी ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष आढळला. सर्वाधिक दोष स्रोताविषयीचे होते : माहिती कोठून घेतली हे न सांगणे, चुकीचे सांगणे किंवा दिशाभूल होईल असे सांगणे.

शांत दिवशी अशी चूक खपून जाते. हवाई हद्द बंद झालेल्या संध्याकाळी विमानतळाकडे निघावे की नाही, हा निर्णय तिच्यावर सोपवता येत नाही.

पहिली कसोटी : मदत बोलावणे

कतारमध्ये पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन या तिन्हींसाठी ९९९ हा एकच क्रमांक आहे. वीज आणि पाण्याच्या तातडीच्या तक्रारीसाठी ‘कहरामा’चा ९९१, तर तातडीच्या नसलेल्या आरोग्यविषयक चौकशीसाठी सरकारी सेवेचा १६००० हा क्रमांक आहे.

यंत्राला सर्वप्रथम हेच शिकवावे लागते. आपल्यापैकी अनेकांची खाती भारतात किंवा अमेरिकेत उघडलेली असतात आणि उपकरणाचा प्रदेश तोच राहिलेला असतो. ‘रुग्णवाहिका बोलाव’ म्हटल्यावर अशा उपकरणाने भारतातला १०८ किंवा ११२ किंवा अमेरिकेतला ९११ सुचवला, तर दोष त्याचा नाही. माणसांचेही तसेच होते. आयुष्यभर १०० आणि १०८ ऐकलेल्या वडिलांच्या तोंडी घाईत ९९९ येणार नाही. म्हणून ‘रुग्णवाहिका बोलाव’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘कॉल नाइन नाइन नाइन’ हा थेट आदेश सर्वांनी पाठ करावा. त्यात यंत्राला अर्थ लावावा लागत नाही, फक्त आकडे फिरवावे लागतात.

चार गोष्टी तपासून ठेवाव्यात. फोन कुलूपबंद असताना तो आवाजी आदेश स्वीकारतो का? तो फक्त मालकाचाच आवाज ओळखतो, की घरातील इतरांचाही? हात रिकामा नसताना, टेबलावरच्या फोनला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून हाक ऐकू जाते का? आणि घरातल्या स्पीकरवरून आपत्कालीन क्रमांक लागतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरगुती स्पीकरच्या बाबतीत ‘नाही’ असे आहे आणि ते संकटाच्या आधीच कळलेले बरे. ही तपासणी ९९९ ला फोन लावून करू नये. कोणा गरजवंताची वेळ आपण अडवू. जोडीदाराचा क्रमांक वापरून सराव करावा.

बोलता येणार नाही अशीही वेळ येते : धुराने घसा बसतो किंवा घरात शिरलेल्या माणसापासून लपायचे असते. आयफोनवर बाजूचे बटण आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून ठेवणे, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचे बटण पाच वेळा दाबणे, या आपत्कालीन सोयी अशा वेळी कामी येतात. त्या सेटिंगमध्ये सुरू आहेत का, हे एकदा पाहून घ्यावे.

दुसरी कसोटी : निळ्या पाटीवरचे तीन आकडे

फोन लागला, तरी पुढचा प्रश्न उरतो : ‘तुम्ही कोठे आहात?’ मराठी माणूस पत्ता खुणांनी सांगतो. देवळामागे, पिंपळाजवळ, अमक्यांच्या दुकानासमोर. कतारमध्ये प्रत्येक इमारतीवर निळी पाटी असते आणि तिच्यावर तीन क्रमांक असतात : झोन, स्ट्रीट आणि बिल्डिंग. हे तीन आकडे म्हणजे इमारतीची नेमकी ओळख. २०२० मध्ये रहिवाशांनी आपला राष्ट्रीय पत्ता नोंदवला तेव्हा हेच आकडे भरले होते. नंतर ते बहुतेकांच्या विस्मरणात गेले.

व्हॉइस असिस्टंटला ‘मी कोठे आहे?’ असे विचारल्यास तो नकाशावरून अंदाजे ठिकाण सांगतो. एकसारख्या दिसणाऱ्या वीस व्हिलांच्या कंपाउंडमध्ये किंवा तिसाव्या मजल्यावर हा अंदाज अपुरा पडतो. म्हणून हे आकडे फोनमध्ये ‘घराचा पत्ता’ या नावाने टिपून ठेवावेत आणि मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला, तसेच फ्रिजवर लावावेत. कागदाला चार्जिंग लागत नाही.

घरी एकटे असलेले आईवडील

मुलगा रास लाफानला, सून वेस्ट बेमध्ये, नातवंडे शाळेत आणि सत्तरीच्या घरातले सासू-सासरे फ्लॅटमध्ये. अनेक मराठी घरांतला सकाळी सात ते दुपारी चारपर्यंतचा हा देखावा आहे. या घरात व्हॉइस असिस्टंटचा खरा उपयोग आहे, कारण ज्यांना इंग्रजी पडद्यावर बोट फिरवणे जमत नाही त्यांना हाक मारणे जमते.

त्यांच्या फोनची भाषा मराठी करावी. संपर्क यादीत मुलाचे औपचारिक पूर्ण नाव नको. आई ज्या नावाने हाक मारते तेच नाव ठेवावे. शेजारच्या घरातील एका विश्वासू व्यक्तीचा क्रमांकही असाच सोप्या नावाने असावा, कारण रास लाफानहून मुलगा तासाभराने पोहोचेल, शेजारी मिनिटात येईल. रक्तगट, चालू औषधे आणि ॲलर्जी ही माहिती फोनच्या आपत्कालीन नोंदीत भरावी. ती कुलूप न उघडताही वाचता येते.

आता सर्वांत अवघड भाग. ९९९ वर उत्तर अरबी किंवा इंग्रजीत मिळेल; हिंदी जाणणारी व्यक्ती मिळेलच असे गृहीत धरू नये. संभाषणाच्या मध्येच भाषांतर करायला यंत्राला सांगणे हा धोकादायक खेळ आहे. एका फोनवर बोलत असताना त्याच फोनकडून दुभाष्याचे काम करून घेणे तज्ज्ञालाही सहज जमत नाही. त्यापेक्षा एकच वाक्य पाठ करून घ्यावे : ‘अँब्युलन्स प्लीज. झोन अमुक, स्ट्रीट अमुक, बिल्डिंग अमुक, फ्लॅट अमुक. चेस्ट पेन.’ आगीसाठी शेवटचा शब्द ‘फायर’. हे वाक्य देवनागरीत लिहून फोनजवळ ठेवावे. व्हॉइस असिस्टंटचा उपयोग या सरावासाठी उत्तम होतो. आईने ते वाक्य फोनला लिहून घ्यायला सांगावे आणि पडद्यावर काय उमटले ते आपण पाहावे. आकडे बरोबर उमटले, तर फोनवरच्या माणसालाही ते कळतील. ‘इसआफ’ म्हणजे रुग्णवाहिका आणि ‘हरीक’ म्हणजे आग, हे दोन अरबी शब्दही शिकवून ठेवावेत. इमारतीच्या रखवालदाराशी बोलताना ते कामास येतात.

तिसरी कसोटी : खरी सूचना

गृह मंत्रालय, कतार वृत्तसंस्था, हवामान विभाग आणि भारतीय दूतावास यांची अधिकृत खाती आजच फोनमध्ये जोडून ठेवावीत. यंत्राला ‘काय चालले आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘गृह मंत्रालयाचे पान उघड’ असे सांगावे. पहिल्या प्रश्नात आपण त्याच्याकडून निष्कर्ष मागतो, दुसऱ्यात केवळ दार उघडून घेतो. जी सूचना वाचाल तिची वेळ पाहावी आणि पुढे पाठवताना ती वेळही लिहावी. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे सुरू आहेत का, तेही पाहावे. मोबाइलच्या मनोऱ्यावरून एकाच वेळी सर्व फोनवर येणारे असे संदेश इंटरनेट तुंबले तरी पोहोचू शकतात.

यंत्राने सांगितलेली बातमी पडताळल्याशिवाय मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह आवरावा. राष्ट्रहिताला बाधा आणण्याच्या किंवा लोकांना चिथावण्याच्या हेतूने खोट्या बातम्या वा अफवा पसरवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड, अशी तरतूद कतारने २०२० मध्ये दंडसंहितेत केली. ‘फोननेच तसे सांगितले’ हा बचाव टिकेल, या भरवशावर कोणी राहू नये.

बॅटरीवर चालणारा एक छोटा रेडिओ घरी असावा. नसल्यास मोटारीतला रेडिओ आहेच. क्यूबीएस ९७.५ एफएमवर इंग्रजी, ऑलिव्ह १०६.३ वर हिंदी आणि कतारच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या १०७ एफएमवर उर्दू ऐकता येते.

भारतातील नातेवाइकांचा विचारही आधी करावा. तेथे घड्याळ अडीच तास पुढे असते. दोह्यातील रात्री नऊची घटना पुण्यात साडेअकराला कळते आणि रात्रभर फोन खणखणतात. ‘आम्ही सुखरूप आहोत, घरीच आहोत, दोन तासांनी पुन्हा कळवतो’ असा एकच एसएमएस एका ठरलेल्या व्यक्तीला पाठवावा आणि तिने तो इतरांना द्यावा. आवाजी आदेशाने हे काम पाच सेकंदांत होते. आपत्तीत जाळ्यावर ताण येतो तेव्हा फोन लागत नाही, पण छोटा संदेश बऱ्याचदा निघून जातो.

जेथे हाक मारूच नये

गॅसचा वास आल्यावर दिवा किंवा पंखा सुरू करू नये, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. दिवे आवाजावर चालणारे असले की हा नियम विसरला जातो. ‘दिवा लाव’ म्हटल्यावर हात बटणाला लागत नाही, पण विजेचे मंडल तेथेही जोडले जाते आणि ठिणगीची शक्यता तितकीच राहते. अशा वेळी यंत्राशी काहीही न बोलता सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि ९९९ ला फोन बाहेर गेल्यावरच करावा.

शुक्रवारचा अर्धा तास

वर सांगितलेली तयारी सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासात होते. उपकरणाचा प्रदेश आणि भाषा तपासणे, निळ्या पाटीचे आकडे उतरवून घेणे, संपर्कांची नावे बदलणे, आपत्कालीन नोंद भरणे आणि अधिकृत खाती जोडणे. पाणी भरून ठेवणे, औषधांचा साठा पाहणे, पासपोर्ट आणि कतार आयडीच्या प्रती एका पिशवीत घालणे, पॉवर बँक चार्ज करणे या कामांसाठी साहाय्यकाला दर महिन्याची आठवण लावायला सांगावे. न विसरता आठवण करून देणे, हे काम तो आपल्यापेक्षा चांगले करतो.

शेवटी सराव. आपण बाहेर जिन्यात जाऊन उभे राहावे आणि आत आईला एकटीने फोनला हाक मारून आपल्याला बोलवायला सांगावे. पहिल्या वेळी बहुधा जमत नाही. यंत्राला नाव कळत नाही किंवा आई हसू लागते. तिसऱ्या वेळी फोन वाजतो आणि ती न अडखळता झोन, स्ट्रीट आणि बिल्डिंगचे आकडे सांगते. तेवढे झाले की रविवारी सकाळी घराबाहेर पडताना मनावरचे ओझे थोडे कमी असते.